काचेतली कढई

गुढीपाडवा उलटून आठ-दहा दिवस झाले की आमच्याकडे सीझन लागतो, आणि तो सगळ्यात आधी नाकाला कळतो. दादरहून बस निघते, परळ मागे पडतं, आणि लालबागचा स्टॉप यायच्या आधीच शेजारची बाई पर्समधून रुमाल काढते. तिला वाटतं, सर्दी झाली. मी गालातल्या गालात हसते. अहो बाई, सर्दी कसली, मिरची आली!

यंदाही आली. काल शाळेतून येताना उतरले तर बेडगीची पोती फुटपाथपर्यंत पसरलेली, धण्यांचे ढीग, बायकांच्या मुठीत घामानं मऊ झालेल्या याद्या, आणि मागे डंखांची धाडधाड. डंख म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, लोखंडी मुसळं वरखाली आपटणारं. पाहुण्यांचं दोन मिनिटांत डोकं उठतं. मी मात्र त्याच तालावर पाढे पाठ केलेत, त्यामुळे डंख थांबले की मलाच काहीतरी चुकल्यासारखं होतं.

दर वर्षी हा वास आला की मन बाकीचे सगळे उन्हाळे सोडून तीन वर्षांपूर्वीच्या एकाच उन्हाळ्यात जाऊन बसतं. त्या उन्हाळ्यात मी माझ्या आईचा एक फोटो काढला. तिनं बजावून नको म्हटलेलं असताना काढला. तो प्रदर्शनात लावायचा तर तिचा होकार पाहिजे होता, आणि तो मागायची माझी छाती होत नव्हती. का होत नव्हती ते सांगते, पण जरा दमानं.

आई मिरची भाजते. पस्तीसहून जास्त वर्षं झाली. बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हा तिनं उलथनं हातात घेतलं ते आजतागायत. गिऱ्हाईक मिरची घेतं, देठ काढून घेतं आणि आमच्या आईच्या पुढ्यात आणून ओततं. भलीमोठी कढई, खाली गॅसची शेगडी, तेलाचा हलकासा हात आणि तिची नजर. गिरगावातल्या कुठल्या वहिनींना धणे सढळ लागतात, वरळीच्या कोणाला त्रिफळाचा वास चालत नाही, कोणाची सून परदेशात आहे म्हणून मसाला जरा कोरडा हवा, सगळं तिच्या डोक्यात. तिच्याकडे वही नाही. विचारलं तर म्हणते, वही हरवते. गिऱ्हाइकांशी ती अगदी शुद्ध बोलते, आणि माझ्याशी मालवणीत.

मी दादरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. नववीच्या मुलांसाठी सपाट आरसा, टाचण्या, कोनमापक मांडून ठेवायचं काम माझं. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखेच असतात, हे मी इतक्या पोरांच्या वह्यांत पाहिलंय की झोपेतही सांगेन. पंचेचाळिशीत मी स्वतःसाठी म्हणून पहिली वस्तू घेतली, ती म्हणजे एक सेकंडहँड कॅमेरा. आणि शनिवारी गिरगावात फ्रान्सिस सरांच्या वर्गाला जायला लागले. सर मूळचे तिथलेच, वाडीतल्या जुन्या लाकडी घरात राहणारे. चाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओ चालवला. लग्नाचे, पासपोर्टचे, बारशाचे फोटो काढले.

"चाळीस वर्षं मी रिफ्लेक्शनशी भांडलो," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या चष्म्यात लाईट दिसला की फोटो फुकट गेला. आता रिटायर झाल्यावर कळतंय, मी सगळी मजा पुसून टाकत होतो."

मग त्यांनी आम्हाला रस्त्यावर सोडलं. सरळ कशाचाही फोटो काढायचा नाही, जे दिसेल ते कशाततरी दिसलं पाहिजे. झालं! महिनाभर मी वेड्यासारखी फिरले. दादरच्या फुलबाजारात पाण्याच्या बादलीत शेवंती आणि वर पुलाचा कठडा. गिरगावात मिठाईच्या काचेत जिलेबीच्या थाळीवरून चालत गेलेली वरात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका आजोबांच्या काळ्या चष्म्यात नेटमधला अख्खा बोलर. परळला हातगाडीवरून आरशाचं कपाट चाललेलं, आणि त्या आरशात चाळीच्या गॅलऱ्या, वाळत घातलेल्या चादरी आणि टॉवरचे वरचे मजले एकाच वेळी हलत-डुलत निघालेले. त्या कपाटामागे मी करी रोडच्या पुलापर्यंत धावले. गाडीवाला शेवटी वैतागला. "ताई, कपाट पाहिजे की काय?" म्हणाला.

एरवी आमच्या भागात चाळ आणि टॉवर एकमेकांकडे बघत नाहीत. टॉवरचं गेट वेगळं, रस्ता वेगळा, भाजीवालासुद्धा वेगळा. चाळीतली माणसं मान वर करून मजले मोजतात, तेवढाच काय तो संबंध. पण काचेत त्यांना पर्याय नसतो. तिथे चाळीतली चादर थेट बाविसाव्या मजल्याच्या बाल्कनीवर जाऊन पडते. मला याचा भारी आनंद व्हायचा, थोडा दुष्टही.

तर अशा भरात मी आईच्या गल्लीत कॅमेरा घेऊन गेले. शाळेला सुट्टी लागली होती. आईची चहाची वेळ होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"थांब गो, धूळ बसली आसा," म्हणाली आणि मायेनं, अगदी लहानपणी माझं नाक पुसायची तशी, पदरानं कॅमेरा पुसून दिला. वर बजावलं, "काम करताना माझो फोटो काढू नको. सांगून ठेवतंय."

मी हो म्हटलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

सीझनमधला आईचा पदर म्हणजे काय चीज असते, हे जन्मभर माहीत असूनसुद्धा! लवंगी मिरचीची पूड थेट डोळ्यात. मी अशी किंचाळले की डंखाच्या वर आवाज गेला. आई "अगो बाय माझ्या!" करत धावली, शेजारणीनं माठातलं पाणी ओतलं, कोणी गुलाबपाणी आणा म्हणालं, कोणी तूप. आई स्वतःला शिव्या घालत होती आणि त्याच पदरानं पुन्हा डोळा पुसायला येत होती. मी कशीबशी सुटले आणि धुराकडे पाठ करून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले.

समोर नव्या टॉवरचं विक्री कार्यालय आहे. तळमजल्यावर जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेच्या आत नमुन्याचं घर मांडलेलं. पांढरा सोफा, आणि थेट मागच्या भिंतीला पांढरं स्वयंपाकघर. त्या ओट्यावर कधी न पेटलेली शेगडी, एका वाडग्यात प्लॅस्टिकची हिरवी सफरचंदं, आणि वर पडघमाएवढी स्टीलची चिमणी. डोळ्यातून पाणी वाहत असताना मी त्या काचेकडे पाहिलं आणि जागच्या जागी थबकले. त्या स्वयंपाकघरात आई उभी होती. डोक्याला रुमाल, नाकाला पदर, हातात उलथनं. पुन्हा कामाला लागली होती. तिच्या कढईचा धूर सरळ वर त्या चिमणीत जात होता.

मला हसू आलं आणि रडूही आलं, मिरचीचं वेगळं आणि हे वेगळं. त्या घराची जाहिरात नाक्यानाक्यावर लागलेली, तिच्यात एक गोरीपान बाई कॉफीचा मग धरून उभी असते. तिच्यापेक्षा माझी आई त्या ओट्यापाशी शंभर पटींनी शोभत होती. राणी दिसत होती, राणी.

मग सुरू झाला माझा उद्योग. आई काचेपासून जितकी लांब, तितकीच ती काचेच्या आत खोल दिसणार, हे नववीचं गणित. मी दोन पावलं डावीकडे सरकले की आई फ्रिजमध्ये जायची, तीन पावलं उजवीकडे आले की सोफ्यावर बसून मिरच्या परतायची. बरोबर चिमणीखाली आणायचं तर मला एका खांबाला चिकटून, कंबर वाकडी करून उभं राहावं लागायचं. त्यात आईच्या बाजूला ऊन यायचं ते दोन इमारतींच्या फटीतून, सकाळी फार तर वीस-पंचवीस मिनिटं. ऊन गेलं की काचेतली आईही गेली. मी रोज जायला लागले.

तिसऱ्या दिवशी वॉचमननं हटकलं. चौथ्या दिवशी आतली मुलगी बाहेर आली, कोट घातलेली, केस सरळ केलेले, इंग्रजीत बोलणारी. मी तिला कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवली.

"अय्या!" तिचं इंग्रजी एकदम पळालं. "आमच्या चिमणीतून धूर!" मग तिनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मॅडम, गंमत सांगू? ती चिमणी कुठेच जोडलेली नाहीये. नुसती छताला लटकवलीय."

ती परळच्या चाळीतली निघाली. मी कोणाचा फोटो काढतेय हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन आलं त्या वेळेला तिनं आतले पुढचे दोन दिवे न मागता बंद करून दिले, म्हणजे काचेत बाहेरचं अधिक स्पष्ट दिसावं. त्या सकाळी फोटो मिळाला. आई, कढई, धूर, चिमणी, सफरचंदं, सगळं जिथल्या तिथे. फक्त एका कडेला कॅमेरा धरलेलं माझं कोपर आलं होतं.

फ्रान्सिस सरांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. कोपर कापून टाक म्हणाले. मी नाही म्हटलं. ते हसले. "मग ठेव. आपलं प्रदर्शन आहे ना दादरच्या हॉलमध्ये, त्यात मधोमध हाच लागणार." आणि लगेच म्हणाले, "या बाईंनी हो म्हटलंय ना? माझा नियम ठाऊक आहे तुला. माणसाला विचारल्याशिवाय भिंतीवर खिळा नाही."

मी म्हटलं, विचारते. आणि आठवडाभर विचारलं नाही.

कारण मी दहावीत असतानाची गोष्ट. तेव्हाही सीझन होता. माझी शिवाजी पार्कची एक मैत्रीण, वडील डॉक्टर, घरात पियानो, मसाला बघायला म्हणून माझ्याबरोबर लालबागला आली. गल्लीत शिरताना मला आई दिसली. धुरात, घामानं निथळत, नाकाला पदर बांधून. मी मैत्रिणीचा हात धरला आणि समोरच्या फुटपाथला गेले. ती वळून वळून बघत होती. त्या बाई कशा उभ्या राहतात गं एवढ्या धुरात, तुझ्या ओळखीच्या आहेत का, म्हणाली. मी म्हटलं, आमच्या चाळीतल्या आहेत. बस, एवढंच. आई तर कढईतून मान वर करत नाही, तिला काय कळणार, असं मी स्वतःला तीस वर्षं सांगत आले.

आणि आईला फोटो नको असायचा, त्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला होता. तिला लाज वाटते, या धुराची, या अवताराची. लाज वाटणाऱ्या बाईला तोच अवतार पोस्टरएवढा करून भिंतीवर लावू का, हे कुठल्या तोंडानं विचारायचं? ज्या मुलीनं तिला ओळख दिली नव्हती, तिनं?

शेवटी फ्रेम तयार होऊन आली, तेव्हा सुटका उरली नाही. सीझनमध्ये आई घरी कधी मोकळी सापडत नाही, म्हणून फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून मी गल्लीतच गेले. चहाची वेळ गाठली. आई स्टुलावर बसली होती. मी कागद काढला आणि फ्रेम तिच्यासमोर धरली.

तिनं डोळे बारीक केले. "ह्यात माझी दोन-दोन तोंडां दिसतत."

फ्रेमच्या काचेत आताची आईही पडली होती, मागे पोती आणि आकाश. मी फ्रेम तिरकी केली. मग तिला नीट दिसलं. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. शेजारच्या बायका जमल्या. "सुलूताई, टॉवरमध्ये फ्लॅट घेतलास काय गो?" कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिनं फोटोतल्या कढईवर बोट ठेवलं.

"रंग बरोबर इलो आसा. अजून अर्ध्या मिनटान मिरची काढूक होयी." मग बोट कडेला गेलं. "ह्यां कोपर तुझां मां?"

"हो."

"तू खंय उभी होतंस?"

"समोर. फुटपाथवर. आई, तू नको म्हणाली होतीस तरी काढला. प्रदर्शनात लावायचाय. तुला लाज वाटत असेल तर नाही लावणार."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणती भाषा बोलतेय हेच तिला कळत नाही.

"लाज? माका कित्याक वाटात? लाज तुका वाटत होती." तिनं हे रागानं म्हटलं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं म्हटलं. "फोटो नको म्हणतंय, कारण माझी नजर हलता. नजर हलली की मिरची काळी पडता, मगे वरीसभर लोकांचो मसालो कडू. नाव कोणाचां घेतत? माझां. इतक्या वर्सांत माझी नजर एकदाच हलली हा."

मी विचारायला नको होतं. विचारलं. "कधी?"

"तू तुझ्या त्या मैत्रिणीवांगडा समोरसून गेलंस तेव्हा. अर्धो किलो शंकेश्वरी काळी पडली. फेकून दिलंय, गिऱ्हाइकाक नवीन भाजून दिलंय."

डंख चालू होते म्हणून बरं. मी तिथेच, पोत्यावर बसून, भर गल्लीत ढसाढसा रडले. त्या गल्लीत सगळेच डोळे पुसत असतात, त्यामुळे कोणी विशेष लक्ष दिलं नाही. आईनं मला जवळ घेतलं नाही, तिचे हात मिरचीचे होते. ती नुसती शेजारी बसून राहिली, चहा गार होईपर्यंत.

मग उठली. "लाव तो फोटो. पण खाली नाव घाल. पुरां नाव, सुलू नको. आणि मी काय करतंय, तां पण."

मी अक्षर न् अक्षर तसं केलं. चिठ्ठीवर ठळक लिहिलं, माझी आई सुलोचना, मिरची भाजणारी, लालबाग. खाली माझं नाव, लहान अक्षरात.

प्रदर्शनाच्या रविवारी आईनं भर सीझनमध्ये अर्धा दिवस कढई शेजारणीकडे सोपवली, हीच मोठी बातमी होती. मोरपिशी काठपदर नेसली, केसात अबोली माळली. साबण कितीही लावला तरी अंगाचा मसाल्याचा वास गेला नव्हता. लोक फोटोजवळ यायचे आणि नकळत हुंगायचे. सर म्हणाले, वास येणारा फोटो पहिल्यांदाच बघतोय. आई एका खुर्चीवर ताठ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला निरखत होती, आणि मी माझ्या आईला निरखत होते. ओळखी करून देताना माझा आवाज जरा जास्तच मोठा होत होता. होऊ दे म्हटलं.

दुपारी एक बाई आल्या. चष्मा गळ्यात लटकवलेला, बोलणं विचारी. फोटोसमोर त्या खूप वेळ थांबल्या. दोन फोटो एकमेकांवर जोडलेत का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि कोन समजावून सांगायला लागले, काच इथे, रस्ता इथे, ऊन असं. त्या ऐकत होत्या, पण समाधान होत नव्हतं.

"ते कळलं हो," त्या म्हणाल्या. "पण मला सांगा, या बाई नेमक्या कुठे आहेत? काचेच्या आत की बाहेर?"

मी तोंड उघडलं. आपाती कोन जिभेवर होता. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उठून आली, त्या बाईंच्या शेजारी उभी राहिली आणि गिऱ्हाइकाशी बोलते त्या स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाली,

"मी कढईपाशी आहे. आत काय नि बाहेर काय, ते तुमचं तुम्ही ठरवा."